धुतलेल्या रुमालाचा पंचनामा

सुखदेवभाऊ, माणूस घरात सापडला नाही, किंवा घरात असून दार उघडत नसला, तर नोटीस त्याच्या दाराला डकवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि बजावणी झाली असं समजायचं, ही बेलीफाची रीत मला तुम्हीच शिकवलीत. सगळी नोकरी तुम्ही लोकांच्या दारांना कागद डकवण्यात घालवलीत. आता माझी पाळी आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या तुमच्या त्या निळ्या दाराला मी हा कागद लावते आहे. तुम्ही उघडणार नाही हे मला माहीत आहे. तरी बजावणी झाली असंच मी समजणार.

पहिलं सांगायचं ते हे, की मी तुमच्यावर रागावले आहे. तेरवीला तुमच्या अंगणात बसलेले सगळे म्हणत होते, वय झालं होतं, सोनं झालं, कोणाला त्रास न देता गेले. मी म्हटलं, वय तर आमच्या पोथ्यांचंही झालं आहे, त्या कुठे चालल्या सोडून? तुमची सून मंगला तोंडाला पदर लावून हसली आणि मग रडली. आणि त्रास न देता गेलात हेही खोटंच. मला दिलात की. रविवारी फोनवर आपण कडाकडा भांडलो, तुम्हाला खोकला आवरेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता दम नाई बाई. मंगळवारी येतो, मंग भांडू." आणि सोमवारी सकाळी गेलात. अकरा वर्षं दर मंगळवारी अकोल्याहून एस.टी. धरून अमरावतीला येणारा माणूस. ऐन उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून यायचात, बसचा संप असला तर ट्रकवाल्याला हात करून यायचात. एक तारीख चुकवली नाहीत. चुकवलीत ती हीच, आणि भांडण माझ्या गळ्यात अर्धं टाकून.

भांडण कशाचं होतं ते इथे लिहून ठेवते. दाराला लावलेला कागद येणारे-जाणारेही वाचतात, त्यांना कळलं पाहिजे.

अमरावतीला जज्जसाहेबांच्या बंगल्यामागे एक खोली आहे. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात न्यायाधीश असलेल्या त्या गृहस्थांच्या त्रेचाळीस हस्तलिखित पोथ्या तिथे तीन कपाटांत आहेत. बऱ्याचशा महानुभावांच्या, काही वैद्यकाच्या, दोन-तीन सांकेतिक लिपीतल्या, ज्या अजून कुणाला धड लागलेल्या नाहीत. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून त्यांच्या घरच्या ट्रस्टनं खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. घरात सांगतात ती कहाणी अशी, की साहेबांना जुन्या पोथ्यांचा नाद. त्यांनी काही पदरमोड करून घेतल्या, काही कृतज्ञ लोकांनी आणून दिल्या. तुमचं म्हणणं वेगळं. तुम्ही म्हणायचात, या पोथ्या विकतच्या नाहीत आणि भेटीच्याही नाहीत, या निशाण्या आहेत. दाव्यात पुरावा म्हणून जी वस्तू कोर्टात दाखल होते तिला निशाणी म्हणतात. कोणाच्या वाटणीचा दावा, कोणाच्या दत्तकाचा, कोणाच्या मठाच्या जागेचा. पोथीच्या शेवटच्या पानावर पूर्वजाचं नाव म्हणून ती दाखल केली. दावा निकाली निघाला, पोथी रेकॉर्डात पडून राहिली, उधई म्हणजे वाळवी लागायला लागली, आणि साहेबांनी ती घरी आणून ठेवली.

मी म्हणायची, बरं केलं. नाहीतर आज मातीसुद्धा उरली नसती.

तुम्ही म्हणायचात, बरंच केलं. "पन बुडत्या मानसाले पान्यातून काहाडलं म्हून थो आपल्या घरचा गडी होत नाई, बाई."

मग मी म्हणायची, लोक आले का मागायला? आले नाहीत. त्यांनीच टाकून दिल्या. यावर तुम्ही चहाची बशी खाली ठेवायचात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. जो एकदा चढून उतरला तो आपल्या पोथीसाठी पुन्हा कशाला चढेल, असं तुमचं उत्तर असे. मला ते पटायचं आणि म्हणूनच मी आणखी चिडायची.

तुम्हाला हे वेड कुठून लागलं ते तुम्ही एकदाच सांगितलंत. मोर्शीच्या कोर्टात नेमणूक असताना एका खेड्यात जप्तीचं वॉरंट घेऊन गेला होतात. म्हातारा शेतकरी दारात उभा राहिला आणि म्हणाला, काय न्यायचं ते न्या, पण आधी आमची पोथी आणून द्या, ती तुमच्याच कोर्टात गेली आहे. तुम्हाला वाटलं भ्रमिष्ट आहे. मग आत पाहिलंत तर भिंतीत रिकामी देवळी आणि तिच्यात तेवता दिवा. पोथी गेली त्या दिवसापासून त्या घरानं देवळीत दुसरं काही ठेवलं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी त्यांचा रेडिओ आणि सायकल उचललीत. पुढे निवृत्त झाल्यावर कोणाच्या तरी तोंडून जज्जसाहेबांच्या पोथ्यांचं ऐकलंत आणि एका मंगळवारी माझ्या दारात उभे राहिलात. खांद्याला ती खाकी पिशवी, जिच्यात एकेकाळी समन्स असायची. म्हणालात, "लोकायच्या घरातून वस्तू उचलता उचलता जिंदगी गेली. एखादी वापस नेऊन ठेवू द्या मले." मी म्हटलं, पोथ्या पाहा, पण पिशवी बाहेर ठेवा. तुम्ही ठेवलीत. ग्रंथपालाला बेलीफ म्हणजे वस्तू उचलून नेणारा, हे तुम्ही समजून घेतलंत.

मी का अडून बसत होते, तेही ऐका. तुम्हाला अर्धंच माहीत आहे. माझंही माहेर मोर्शीकडचंच, काळ्या जमिनीचं, संत्र्यांचं. वाटणी झाली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. झाडं मोजून वाटली, विहिरीचं पाणी पाळीनं वाटलं, आणि शेवटी राहिली आजोबांची पोथी. बाबा आणि दोन्ही काका, तिघांनाही ती हवी होती आणि तिघांनाही ती वाचता येत नव्हती. पानं सुटी होती. पंचांनी पानं मोजून तीन वाटे केले, जसे गव्हाचे करतात. धाकट्या काकांच्या वाट्याला मधली पानं आली, ज्यांना ना सुरुवात ना शेवट. आज त्या तीन घरांपैकी एकाही घरात त्यातलं एक पान नाही. एका घरी उंदरांनी खाल्लं, एका घरी नदीत सोडलं, आमच्या घरी काय झालं ते मी कधी विचारलं नाही. म्हणून मला न्याय नको होता, भाऊ. मला पोथी पोथी म्हणून जगायला हवी होती. आजही हवी आहे, आणि या बाबतीत मी तुमच्यापुढे मान खाली घालणार नाही.

पण पहिल्या दिवसाकडे वळते, कारण टाळून चालणार नाही. तुम्ही हात धुऊन, पुसून, पहिल्या पोथीपुढे बसलात. पोथी उघडायच्या आधी तिचा रुमाल पाहायला लागलात. कोर्टात दप्तर ज्या कापडात बांधतात त्यालाही रुमालच म्हणतात, त्यामुळे तुमचे हात सवयीनं एका कोपऱ्याकडे गेले. तो कोपरा तुम्ही खिडकीकडे धरलात. उजेडातून बराच वेळ पाहिलंत. मग दुसरी पोथी घेतलीत, तिचाही कोपरा धरलात. मग तिसरी.

"धुतले वाट्टे," एवढंच म्हणालात.

मी म्हटलं, "कधीचेच. माझ्या येण्याआधी कुणीतरी धुतलेत."

"बरं," म्हणालात, आणि पंचनामा लिहायला बसलात. पोथीची लांबी-रुंदी, पानं किती, वर-खालची फळी कशाची, कसर कुठे, पाण्याचा डाग कुठे, वास कसला. 'पंचासमक्ष पाहणी केली असता' अशी सुरुवात आणि पंच म्हणून खाली मी आणि झाडणारी शांताबाई. मला हसू आलं होतं. पुढच्या अकरा वर्षांत पुन्हा एकदाही तुम्ही रुमालांचा विषय काढला नाहीत.

आणि मग तुम्ही नावं शोधायला लागलात. जुनी रजिस्टरं पाहायला मिळावीत म्हणून अर्ज केलेत, त्यांतली निम्मी गळून गेलेली निघाली. रिद्धपूरला जाऊन महानुभावांच्या वयोवृद्ध महंतांशी बोललात. पोथीच्या शेवटच्या पानावरचं गाव वाचायचं, त्या गावी जायचं, पारावर बसायचं आणि विचारायचं, तुमच्यात कोणाची पोथी कोर्टात गेली होती काय? लोक आधी घाबरायचे, मग हसायचे, मग एखादी म्हातारी सांगायची. अकरा वर्षांत सव्वीस पोथ्यांचे मालक तुम्ही लावलेत. सतरा राहिल्या. गुडघ्यांची पार वाट लागली, तरी म्हणायचात, बेलीफाचे पाय आहेत, पत्ता सापडल्याशिवाय थांबत नाहीत.

एकदा मीही बरोबर आले. तीन वर्षं झाली असतील. तुम्हाला ते रिकाम्या देवळीचं साधं कौलारू घर पुन्हा सापडलं होतं. तो म्हातारा कधीच गेला होता. त्याची सून सरूबाई, आता तीही ऐंशीला टेकलेली, ओसरीवर बसून होती. देवळीत दिवा होता. तुम्ही सांगितलंत, पोथी सुखरूप आहे, खालच्या फळीचा एक कोपरा दिव्यानं जळलेला आहे. ती लगेच म्हणाली, हो, सासऱ्यांच्या हातून लहानपणी दिवा पडला होता. तुमचे डोळे भरले. मी चहा हातात घेऊन बसले होते. मग तिनं मला विचारलं, "आमचं नाव आहे का तिच्यावर?"

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "असं कसं? सासरे त्यायच्या बापासंगं गेलते कोर्टात. बाबूनं रुमालाच्या कोपऱ्यावर नाव लिवलं, गाव लिवलं, नंबर लिवला. त्यायनं सोताच्या डोयानं पाह्यलं." 

तुम्ही तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाहीत. अंगणातल्या संत्र्याच्या झाडाकडे पाहत राहिलात आणि मृग बहार यंदा कसा काय, असं विचारलंत. येताना बसमध्ये सगळा वेळ तुम्ही मला सावजीच्या रश्शात खसखस घालावी की नाही यावर व्याख्यान दिलंत. मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, सुटले.

नाही सुटले. आता ऐका, जे अकरा वर्षांत जिभेवर येऊन परत गेलं.

रुमाल मी धुतले. तुमच्या यायच्या आदल्या उन्हाळ्यात. किल्ली नवी नवी हातात आली होती आणि मला सगळं स्वच्छ करायचं होतं. कापडं मळकट, कसरीची अंडी धरलेली. बंगल्याच्या मागच्या अंगणात चुलीवर तपेलं ठेवलं, सोडा टाकला, कडुलिंबाचा पाला टाकला. पहिला रुमाल सोडून पाण्यात टाकणार तर कोपऱ्यावर लिहिलेलं दिसलं. नाव, बापाचं नाव, गाव, दाव्याचा नंबर, निशाणीचा नंबर. दुसऱ्यावरही. त्रेचाळीसपैकी जवळजवळ सगळ्यांवर. न कळता झालं असं मी म्हणू शकले असते, आणि तुम्ही मला ते म्हणूही दिलं असतं. पण मी ग्रंथपाल आहे. वस्तू कुठून आली हे वस्तूइतकंच जपायचं असतं, हे मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले होते. मी ते वाचलं. मला दिसली ती त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस वाटण्या, गव्हासारखे मोजलेले वाटे. आणि मी रुमाल उकळत्या पाण्यात सोडला. पोथीची काजळाची शाई पिढ्यान् पिढ्या जात नाही. कारकुनाची सरकारी शाई दोन उकळ्यांत गेली. पाणी फिकट तपकिरी झालं, चहा केल्यासारखं. ते मी तुळशीला घातलं नाही, एवढी लाज होती. वैशाखाच्या उन्हात रुमाल तासाभरात वाळले. मी त्यांना इस्त्री केली.

तुम्ही अकरा वर्षं जी नावं गावोगाव वेचलीत, ती मी एका दुपारी धुऊन टाकलेली होती.

रविवारचं भांडणही याच्याच पोटातलं. बाहेरची एक मोठी संस्था पोथ्या घ्यायला तयार झाली आहे. थंड खोली, खास कागदाच्या पेट्या, पानापानाचे फोटो. गेल्या पावसाळ्यात आमच्या दुसऱ्या कपाटावर पाणी गळलं, तेव्हापासून मला झोप नाही. अट एकच, एका कागदावर सही: सदर संग्रह जज्जसाहेबांनी स्वखर्चाने व भेटीदाखल मिळवलेला असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही. सही ट्रस्टची आणि देखरेख करणारी म्हणून माझी. तुम्ही म्हणालात, सही करू नका. मी म्हटलं, तुमच्या नावांपायी पोथ्या मरतील. तुम्ही खोकत खोकत म्हणालात, "बिननावाची जगली, तं थे कोनाची जगली?" मी फोनवर ओरडले, भाऊ. तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य असं आहे, की तुम्हाला पोथ्यांचं काही पडलेलं नाही, तुम्हाला तुमचं पाप धुवायचं आहे. धुवायचं! हा शब्द मी वापरला, मी.

हे तुमच्या कानावरून मला काढून घेता येत नाही. तसं करता आलं असतं तर केलं असतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मंगलानं तुमची खाकी पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, मामंजींनी सांगून ठेवलं होतं, ही बाईंना द्यायची. आत त्या लांबट वह्या, सव्वीस गावांच्या खुणा, एस.टी.ची तिकिटं, आणि चष्म्याची मोडकी दांडी. तुमच्या ओसरीवर बसून मी पहिली वही उघडली. पहिला पंचनामा. पोथीची लांबी, रुंदी, फळी. त्या दिवशी मला वाचून दाखवलात तो इथपर्यंतच होता. त्याच्या खाली, पंचांच्या सह्यांच्याही खाली, तुमच्या त्या कोर्टी अक्षरात आणखी चार ओळी होत्या.

'रुमाल सोडा घालून उकळून धुतलेला. कोपऱ्यावरील मजकूर गेला. कापडास कडुलिंबाचा वास अद्याप येतो, सबब धुऊन वर्ष झाले नसावे. धुणाऱ्याचे नाव:'

पुढे जागा मोकळी. आणि तिच्या खाली, स्वतःलाच हुकूम दिल्यासारखं: 'विचारायचे नाही.'

पहिल्याच दिवशी. वासावरून. आणि मग अकरा वर्षं माझ्या हातचा चहा.

मी तुमच्या ओसरीवर मोठ्यानं रडले, हे मंगला तुम्हाला सांगेलच. पण नुसती रडले नाही, संतापले. सगळ्या वऱ्हाडात उन्हातान्हात नावं विचारत फिरलात. पारावर बसलात, कुत्री अंगावर घेतलीत. आणि ज्या एका नावासाठी कुठे जायलाच नको होतं, जे समोर बसलेलं होतं, तेवढं विचारलं नाहीत. ही तुमची माया असेल. मला ती नको होती. एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, आणि सव्वीसाच्या जागी तीस झाले असते, कारण त्या वेळी मला काही नावं आठवत होती! तीन-चार तरी आठवत होती, आता तीही गेली. तुमच्या या भिडेनं चार घरांचं नुकसान केलं आहे. माझ्या खोटेपणानं त्रेचाळीसांचं. हिशोब कोणाचा मोठा ते मला कळतं, पण तुम्ही अगदी निर्दोष सुटलात असं समजू नका.

आता पुढे काय केलं ते सांगते.

परवा ट्रस्टची बैठक झाली. जज्जसाहेबांचे पणतू पुण्याहून आले होते, सभ्य माणूस. त्यांनी पेनाचं टोपण काढून कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली नाही. तुमच्या वह्या टेबलावर ठेवल्या, सव्वीस नावं उभी राहून वाचली, सतरा जागा रिकाम्या वाचल्या. मग रुमालांचं सांगितलं, जसं वर लिहिलं तसंच, तपेल्यासकट.

पणतू म्हणाले, "तुम्ही आमच्या पणजोबांना चोर ठरवताय, बाई."

मी म्हटलं, "त्यांनी उधईपासून पोथ्या वाचवल्या आणि नावं तशीच राहू दिली. चोर जो कोणी आहे तो या खोलीतच आहे."

कोणीतरी म्हणालं, भावनेच्या भरात एवढी मोठी संधी घालवू नका. कोणी म्हणालं, झालं गेलं गंगेला मिळालं. शेवटी पणतूसाहेबांनी शांतपणे खोलीची किल्ली मागितली. मी दिली नाही. म्हटलं, किल्ली हवी असेल तर रीतसर बेलीफ पाठवा. भाऊ, हे तोंडातून गेलं आणि मला तुमचं ते गुदगुल्या झाल्यासारखं हसणं ऐकू आलं. त्या क्षणी तुम्ही नाही आहात हे मला पहिल्यांदा खरं वाटलं, कारण वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

ती मोठी संस्था या नावांसकट पोथ्या घेईल की पाठ फिरवेल, मला माहीत नाही. घ्याव्यात म्हणून मी त्यांना रोज पत्र लिहिणार आहे. तोवर छतावर ताडपत्री घातली आहे, मी स्वतः शिडीवर चढून.

आणि आज सकाळी पहिल्या बसनं मी सरूबाईकडे गेले. पोथी नेली नाही, तेवढा अधिकार मला नाही. रुमाल नेला, जळक्या फळीच्या पोथीचा. तिच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं. ती कापडाचा कोपरा अंगठ्यानं चोळत राहिली. मला वाटलं उठवून लावेल, आणि लावायलाच हवं होतं.

"थो बेलीफ जानत होता?"

म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

"आन् तरी तुयासंगं हिंडला." तिनं रुमाल माझ्याकडे परत दिला. "तुनं धुतलं ना? मंग तूच लिव्ह. मी सांगतो तसं."

मी लिहिलं. तिच्या आजेसासऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव. नंबर तिला माहीत नव्हता, त्याची जागा सोडली. या वेळी शाई पक्की वापरली आहे, सोड्यालाही न जाणारी. मग ती म्हणाली की तिला पोथी पाहिजे, मरायच्या आधी, त्या देवळीत. मी विचारलंच, वाटे तर करणार नाही ना? ती म्हणाली, "एकच पोरगा आहे मले. वाटे कायचे करू?" आणि हसली, तोंडात दात नाहीत तिच्या.

तिचा अर्ज मी तिथेच बसून लिहून दिला. ट्रस्टनं पोथी दिली तर उत्तम. नाही दिली तर सरूबाई दावा लावेल आणि साक्षीदार म्हणून मी उभी राहीन, ट्रस्टच्या विरुद्ध आणि माझ्याही विरुद्ध. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. शहाणपणा मी एका उन्हाळ्यात भरपूर केला आहे, आता चढते. पोथी देवळीत गेली तर वेखंडाच्या पुरचुंड्या घेऊन दर चार महिन्यांनी मी तिथेही जाणार, आणि उंदीर दिसला तर सरूबाईशीही भांडणार. तुम्ही जिंकलात असं म्हणू नका. तुमचं आणि माझं, दोन्ही खरं करून दाखवायचं आहे मला, आणि त्याला तुम्ही हवे होतात. मंगळवारचा चहा आता मी एकटीनं घ्यायचा आहे. तो मी घेईन, पण कडू लागेल.

उरलेल्या सतरा पोथ्यांसाठी आता मी गावोगाव जाणार आहे. माझे पाय बेलीफाचे नाहीत, पण पत्ता पुसला मीच, तेव्हा शोधायला जायलाही मीच हवी.

आणि तुमची ती मोकळी जागा मी आज भरली. सरूबाईनं पंच म्हणून अंगठा दिला, तिथून इथे अकोल्याला आले तेव्हा मंगलानं सही केली. हुकूम तुमचा होता, विचारायचे नाही. तो तुम्ही पाळलात. मला कोणी तसा हुकूम दिलेला नव्हता. तुमच्याच अक्षराखाली, तुमच्याच भाषेत लिहिलं आहे. चूक असेल तर मंगळवारी येऊन दुरुस्त करा.

धुणाऱ्याचे नाव: विमल, वडिलांचे नाव यशवंत, राहणार अमरावती. विचारले नसता स्वतःहून सांगितले.